एकतीस वर्षांचा डावा हात

सिग्नल लागला की मधुकरराव लांजेवार आधी गिअर न्यूट्रल करायचे आणि मग श्वास घ्यायचे. एसटीच्या नागपूर-अमरावती गाडीवर त्यांनी एकतीस वर्षं हेच केलं. उतार दिसला, न्यूट्रल. फाटक बंद, न्यूट्रल. पुढे गाय बसलेली, न्यूट्रल. डावा हात आपोआप जायचा. तो हात त्यांचा नसून खात्याचा आहे, असं वाटायचं.

नागपूरला लागून असलेल्या वाडीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. मराठीत एम.ए. केलं आहे, शाळेच्या गाईडांची मुद्रितं तपासतो. मधुकरराव मला नावाने हाक मारत नाहीत. ‘एम.ए.’ म्हणतात, आजाराचं नाव घ्यावं तसं. त्यांचं वय बासष्ट, माझं सव्वीस, तरी आमची मैत्री आहे. म्हणजे ते बोलतात आणि मी समोर असतो.

दहा लिटर डिझेलमध्ये बस किती किलोमीटर गेली, हे एसटीत मोजतात. त्यांच्या डेपोत फळ्यावर ड्रायव्हरांची नावं आणि आकडे लागायचे. मधुकररावांचं नाव अकरा वर्षं सगळ्यात वर होतं. त्याची तीन प्रशस्तिपत्रं समोरच्या खोलीत देवांच्या रांगेत टांगली आहेत. देवांना उदबत्ती एक, प्रशस्तिपत्रांना दोन.

हे आकडे त्यांनी कसे काढले, तेही त्यांनीच सांगितलं. तळेगावच्या उतारावर ते भरलेली बस न्यूट्रलमध्ये सोडून द्यायचे. हे नियमात बसत नाही. त्यांना माहीत होतं. एकदा मे महिन्यात एका म्हातारीला मळमळायला लागलं. कंडक्टरने घंटी मारली. बस चढावर होती. मधुकररावांनी थांबवली नाही. चढावर थांबलं की पुन्हा उचलायला डिझेल लागतं. वर पोचल्यावर थांबले. तोवर म्हातारीने जे करायचं ते बसमध्येच केलं होतं.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय? त्या महिन्यात पहिला नंबर आला.”

निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन वाडी नाक्यावर उभे राहायचे आणि बसेस बघायचे. “हा पाहा. ब्रेकवर पाय नाचून राहिला याचा,” असं म्हणायचे. ऐकायला कोणी नसायचं. एक दिवस एका तरुण ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, “काका, कुठं जायचं? चढा लवकर.” त्याने त्यांना प्रवासी समजलं. मधुकरराव चार दिवस नाक्यावर गेले नाहीत. पाचव्या दिवशी गेले, पण बसकडे पाठ करून उभे राहिले.

मग गाडी आली. त्यांचा मुलगा साहिल कंपनीकडून दोन वर्षांसाठी जर्मनीला गेला आणि आपली हायब्रिड कार अंगणात ठेवून गेला. अशा गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि एक मोठी बॅटरीही असते. हळू चालताना गाडी बॅटरीवर सरकते, आवाज येत नाही. ब्रेक दाबला की चाकांच्या फिरण्यातून बॅटरी परत भरते. साहिलला लिटरमागे पंचवीस किलोमीटर मिळायचे. जाताना तो म्हणाला, “बाबा, काही करू नका. गिअर डी मध्ये टाका आणि चालवा.”

मधुकररावांना काही न करणं जमत नाही. त्यांना सतरा मिळायचे.

आकडा समोरच्या पडद्यावर यायचा. ते चष्मा काढून बघायचे, मग लावून बघायचे. पहिल्या आठवड्यात दोष पेट्रोलचा होता. दुसऱ्या आठवड्यात रस्त्याचा. मग एसीचा, म्हणून एसी बंद झाला. काचा उघड्या ठेवून ते मे महिन्यात ऐंशीच्या वेगाने अमरावती रोडवर जाऊ लागले. आत भट्टीचा वारा. आकडा सोळावर आला.

मग दोष त्यांच्या बायकोचा, गोपिकाकाकूंचा निघाला.

“वजन पाह्य ना वं तुझं. मागं बसली की गाडी दबते.”

“मी एकतीस वर्षं तुमच्या बसमधी बसली नाही, तरी तुमचा जीव नाही भरला,” काकू म्हणाल्या. “आता बसली तर वजन काढून राहिले.”

गोपिकाकाकू कमी बोलतात. त्यांच्या वाक्यानंतर मधुकरराव सहसा अंगणात जातात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते वर माझ्या खोलीत आले. एरवी जिन्यावरूनच ओरडतात, म्हणून मी पेन खाली ठेवलं. विमानतळाजवळच्या मिहान या उद्योगवसाहतीत कंपन्यांच्या लोकांची ने-आण करणारी एक टॅक्सी कंपनी आहे. तिने चाळीस हायब्रिड गाड्या घेतल्या होत्या. ड्रायव्हर सगळे ट्रक, ऑटो, मिनीबस सोडून आलेले. गाड्या पेट्रोल पीत होत्या. कंपनीला ड्रायव्हरांना इंधन वाचवायला शिकवणारा अनुभवी माणूस हवा होता. डेपोतल्या जुन्या मित्राने मधुकररावांचं नाव दिलं होतं.

“आधी गाडी चालवून दाखवा म्हणते. बावीस काढून दाखवा म्हणते. मले.” ते हसले. “तीस माणसं समोर बसवणार हायेत, एम.ए. तीस. हातात माईक राहीन.”

हे सांगताना त्यांनी माझ्या टेबलावरची मुद्रितं उचलून एका बाजूला केली, जणू तिथे माईक ठेवायचा होता. पगाराबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना कळलं की लांजेवारांची निवड झाली आहे. परीक्षा व्हायची होती, हे कोणाला कळलं नाही.

मी गाडीचं पुस्तक मागून घेतलं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, प्लॅस्टिकमधून बाहेर न काढलेलं. इंग्रजी, पाचशे पानं. मी दोन संध्याकाळी बसून त्यातलं कामाचं तेवढं मराठीत लिहून काढलं. बारा पानं झाली. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचलावा आणि ब्रेक हलका, लांबवर दाबावा, म्हणजे बॅटरी भरते. निघताना पाय झोकून देऊ नये. एसी सव्वीसवर ठेवावा, कारण बॅटरीलाही आतलीच थंड हवा लागते. मागच्या सीटच्या बाजूची जाळी झाकू नये. मधुकररावांनी सीट मळू नये म्हणून अंथरलेली गोधडी नेमकी त्या जाळीवर होती. आणि पान सातवर, मी खाली दोन रेघा मारल्या होत्या: थांबल्यावर किंवा उतारावर गिअर ‘एन’ला, म्हणजे न्यूट्रलला, टाकू नये. न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही. ती रिकामी झाली की इंजिनाला जास्त चालावं लागतं.

म्हणजे मधुकरराव सिग्नलागणिक, उतारागणिक, आपल्या हाताने बॅटरीचं तोंड बंद करत होते. आणि इतकं करूनही सतरा मिळतात म्हणून गाडीला नावं ठेवत होते.

मी पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दूर धरली.

“हे कोणं लिहिलं?”

“पुस्तकातलं आहे, काका. मी फक्त मराठी केलं.”

“तू गाडी चालवतं का?”

“नाही.”

“सायकल?”

“येते.”

“मंग सायकलवर लिही ना गा.” त्यांनी पानं दुमडली. “न्यूट्रल नको म्हणते हे पुस्तक. ज्यानं लिहिलं त्याले तळेगावच्या उतारावर घेऊन ये. दाखवतो.”

“ती बस होती. यात उतारावरच बॅटरी भरते. तुम्ही एन केलं की...”

“एम.ए.,” ते म्हणाले, “तू कवितेचं पाह्य.”

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तेव्हा पानांची सुरळी मिक्सरच्या पायाखाली होती. मिक्सर डुगडुगायचा. आता डुगडुगत नव्हता.

बुधवारी परीक्षा होती. प्रशस्तिपत्रं फ्रेमसकट न्यायची होती, म्हणून मला सोबत घेतलं. तिन्ही मांडीवर घेऊन मी बसलो. त्यांनी खाकी रंगाचा शर्ट घातला होता. गणवेश नव्हता, पण लांबून तसा वाटावा इतका जवळचा.

मिहानमध्ये कंपनीच्या पत्र्याच्या शेडखाली गाड्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्या गाड्यांचा हिशेब ठेवणारी मुलगी सोनिका आमची वाट बघत होती. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. गळ्यात ओळखपत्र, पायात साधी चप्पल. मधुकररावांनी तिच्यामागे कोणी साहेब दिसतात का ते बघितलं. कोणी नव्हतं.

“नमस्कार काका. गेटपासून हिंगण्यापर्यंत आणि परत. एसी चालू राहील, आपल्या गाड्यांत प्रवासी असतात. बावीस आलं की झालं.”

“बावीस,” मधुकरराव म्हणाले. “ते तर वापस येता येताच होते.”

कंपनीच्या एका गाडीत सोनिका पुढे बसली, मी मागे. त्यांनी सुरेख गाडी चालवली, हे सांगायला हवं. कुठे हिसका नाही, कुठे हॉर्न नाही. ट्रकच्या रांगेतून लोण्यातून सुरी जावी तशी गाडी गेली. आणि प्रत्येक सिग्नलला डावा हात गेला. एन. हिंगण्याकडच्या उतारावर एन. एका गतिरोधकाच्या आधी एन, नंतर डी. सोनिका दर वेळी हाताकडे बघायची आणि मग खिडकीबाहेर. मी मागून एकदा खोकलो. ते म्हणाले, “पाणी पी.”

परत आलो. पडद्यावर सोळा पूर्णांक नऊ.

मधुकररावांनी पडद्यावर बोट आपटलं, घड्याळ बंद पडल्यावर आपटतात तसं.

“गाडी खराब आहे.”

सोनिकाने मान डोलावली, उतरली, दुसऱ्या बाजूने येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. “बसा काका. मी एक चक्कर मारते.”

तोच रस्ता, तोच एसी. ती काही विशेष करत नव्हती. लाल दिसला की लांबूनच पाय उचलायची. हिरवा झाला की सावकाश निघायची, मागून हॉर्न वाजले तरी. वाटेत तिला घरून फोन आला, तिने तो घेतला नाही. परत आलो तेव्हा पंचवीस पूर्णांक तीन होतं.

“काका, तुम्ही एन काहून करता?” तिने विचारलं. आवाजात उपहास नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

“पद्धत आहे ते.”

“बसमध्ये ठीक आहे. यात एन केलं की बॅटरी भरत नाही. मी पण आधी करायची. वडिलांचा ऑटो चालवायची मी.”

“पोरी, तू जन्मली नव्हती तेव्हापासून...”

“हो ना,” ती म्हणाली. “तेव्हा ही गाडी पण जन्मली नव्हती.”

सोनिकाने वहीत काहीतरी लिहिलं. “पुढच्या शनिवारी अजून एकदा या. आमच्याकडे दुसरं कोणी आलं नाही.” शेवटचं वाक्य तिने नसतं म्हटलं तरी चाललं असतं.

फ्रेमा कोणी बघितल्या नव्हत्या. मी त्या तशाच मांडीवर घेऊन परत आलो. घरापर्यंत मधुकररावांनी प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल केलं, मुद्दाम, आवाज होईल असं.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं की मिहानची गाडी बिघडलेली होती, ते ठिकाण लांब पडतं, आणि पोरीसोरींच्या हाताखाली आपण काम करत नाही. गल्लीत सांगितलं की पावसामुळे परीक्षा पुढे गेली. त्या दिवशी नागपुरात आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. तरी सगळ्यांनी ‘हाव का’ म्हटलं. दोन दिवस ते नाक्यावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना बघितलं, समोरच्या खोलीत. प्रशस्तिपत्रांपुढे उदबत्ती लावत होते. त्या दिवशी एकच लावली.

चौथ्या दिवशी मिक्सर परत डुगडुगायला लागला.

“काकू, पानं कुठे गेली?”

“मले काय माहीत. हे अंघोळीले जाते तर घंटा घंटा बाहेर नाही येत आजकाल.” त्या चटणी काढत होत्या. “त्याहीले म्हणजो नको मी सांगितलं म्हणून.”

त्यानंतर सकाळी सहा वाजता अंगणातून गाडीचं दार लागल्याचा आवाज येऊ लागला. मी गॅलरीतून बघितलं. गाडी जागेवरच उभी. मधुकरराव ड्रायव्हरच्या सीटवर, शेजारी गोपिकाकाकू. काकूंचा हात गिअरवर. ते ब्रेकवर पाय दाबायचे, डावा हात उचलला जायचा, आणि तिथे काकूंचा हात असायचा. पुन्हा पाय, पुन्हा हात. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. अर्धा तास हे चाललं.

मला ते दृश्य हळवं वाटलं. दुपारी मी काकूंना तसं म्हणालो.

“हळवं?” त्यांनी पंजा पुढे केला. मधल्या बोटाच्या पेरावर लाल झालं होतं. “अंगठी लागून राहिली त्यायची. काढा म्हटलं तर निघत नाही म्हणते. एकतीस वर्षं कोणाच्या जिवावर डिझेल वाचवलं, ते आता समजलं मले.”

गुरुवारपासून काकू बसेनाशा झाल्या. मधुकरराव एकटेच बसायचे. डावा हात मांडीखाली घालून. पूर्ण बासष्ट वर्षांचा माणूस, पहाटे, उभ्या गाडीत, स्वतःच्या हातावर बसलेला. मी गॅलरीचं दार लोटून घेतलं. त्यांनी मला बघितलं असतं तर मला ती खोली सोडावी लागली असती.

शनिवारी मला सोबत नेलं. फ्रेमा नेल्या नाहीत. गेटपासून हिंगणा आणि परत. पहिल्या सिग्नलला त्यांचा खांदा हलला, पण हात मांडीखालून निघाला नाही. गाडी चालत असताना दोन्ही हात स्टिअरिंगवर, थांबली की डावा मांडीखाली. सोनिका बघत होती. उतारावर इंजिन बंद झालं, बॅटरीची रेघ एकेक घर वर चढत गेली, आणि मधुकररावांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. आनंदाचा नव्हता. इतकी वर्षं शेजारी राहणारा माणूस आपला भाऊ निघावा, तसा होता.

तेवीस पूर्णांक आठ.

“झालं काका,” सोनिका म्हणाली. “सोमवारी तीस जण येतील.”

इथे ही गोष्ट संपली असती तर मी मधुकररावांबद्दल बरं लिहिलं असतं.

सोमवारी शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तीस ड्रायव्हर. पुढच्या रांगेत विक्की नावाचा एक ट्रकवाला, गुडघ्यावर टोपी. मी मागे उभा. मधुकररावांनी माईक हातात घेतला आणि फुंकला. मग सुरू झाले. लांबून पाय उचला. ब्रेक लांबवर दाबा. एसी सव्वीसवर. मागची जाळी झाकू नका, काही अडाणी लोक त्याच्यावर गोधडी टाकते. क्रम माझ्या बारा पानांचा होता. शब्दही माझे होते, फक्त ‘ला’च्या जागी ‘ले’ घातलेलं. खाकी शर्टाच्या खिशातून पानांची दुमडलेली कड दिसत होती, त्यावर चटणीचा डाग.

मग ते थांबले. आवाज खाली आणला.

“आता एक गोष्ट सांगतो. हे कोणत्याच पुस्तकात नाही. न्यूट्रल करायचं नाही.”

खुर्च्या करकरल्या.

“कसं समजलं काका तुम्हाले?” विक्कीने विचारलं.

“एकतीस वर्षं,” मधुकरराव म्हणाले. “हातालेच समजते.”

विक्कीने वहीत लिहून घेतलं. सोनिकाने माझ्याकडे बघितलं. मी पत्र्याकडे बघितलं.

“तो मागं उभा आहे ना, आमचा एम.ए.,” ते माईकवरून पुढे म्हणाले. “मोठा शिकलेला हाय. यालेही मीच सांगितलं. मानतच नव्हता.”

तीस माना मागे वळल्या. सगळे दयेने हसले. मीही हसलो, असं आठवतं.

आम्ही परत निघालो. वाडीच्या सिग्नलला लाल लागला. त्यांनी लांबूनच पाय उचलला, हलका ब्रेक लावला, डावा हात मांडीखाली सरकवला. गाडीचं इंजिन आधीच बंद झालं होतं. शांतता. आमच्या शेजारी अमरावतीची एसटी येऊन उभी राहिली. उंच खिडकीत तोच तरुण ड्रायव्हर, ज्याने त्यांना प्रवासी समजून चढा म्हटलं होतं. त्याने गिअर न्यूट्रल केला आणि घाम पुसला.

मधुकररावांनी मान वर करून त्याच्या हाताकडे बघितलं.

“पाह्य,” ते म्हणाले. “अडाणी.”

बसमध्ये तेच बरोबर आहे. मी तोंड उघडलं. मग त्यांच्या मांडीखालून डोकावणाऱ्या अंगठीकडे लक्ष गेलं आणि मिटलं. हिरवा दिवा लागला. ते सावकाश निघाले. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.